घरचा सराव

क्लास कधी संपणार, एवढंच तिला विचारायचं होतं. दवाखान्यातलं रिसेप्शनचं काम उरकून ती थेट इथे आली होती. झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना चढून धाप लागली होती, आणि क्लासचे सर तिला बसा, पाणी घ्या, करत होते.

“पाणी नको,” ती म्हणाली. “मला फक्त तारीख सांगा.”

पण नुसती तारीख विचारून तिचं भागलं नाही. तिनं सगळंच सरांपुढे ओतलं. भाषणाचा हा क्लास तिनंच शोधला होता. पहिला लहान मुलांचा निघाला, दुसऱ्यात नुसतं हसायला शिकवत होते, म्हणून हा तिसरा. नवरा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत. ऑफिसात त्याला मौनीबाबा म्हणतात. अहवाल तो लिहितो, साहेबांसमोर वाचतो हाताखालचा माणूस, आणि बढतीला नाव जातं त्या वाचणाऱ्याचं. येत्या सोमवारच्या बैठकीत पुन्हा तेच होऊ नये म्हणून तिनं त्याला इथे घातलं, आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

आता तो घरात सरळ बोलतच नाही. मीठ मागायचं तरी आधी थांबतो, नजर फिरवतो, मग हात पसरतो. सकाळी डबा भरताना ‘उपस्थित मान्यवरहो’. मान्यवर कोण, तर ती आणि गॅसवरचं दूध. काल कपडे वाळत घालण्यावर त्यानं तीन मुद्दे मांडले. तिसऱ्या मुद्द्याला तिनं मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं.

“आणखी किती दिवस हे ऐकायचं मी?”

सरांनी खुर्ची जरा पुढे ओढली. आपण एकाच माणसाबद्दल बोलतोय ना, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, “ते इथे अजून एकही वाक्य बोललेले नाहीत.”

तो रोज वेळेवर येतो, पहिल्या बाकावर बसतो, एवढं सरांनी सांगितलं. पाळी आली की उठतो, माइकपर्यंत जातो, माइक पुढच्या माणसाच्या उंचीला लावून देतो आणि खाली उतरतो. परवा सर वैतागून म्हणाले होते की असं असेल तर येऊ नका. तेव्हा दारात थांबून तो हळूच म्हणाला होता, घरी जमतं मला. बायको सगळं ऐकून घेते.

तिनं पर्स उचलली आणि निघाली. मागून सरांनी तारखेचं विचारलं, तर राहू द्या म्हणाली.

घराच्या दारातच त्याचा आवाज कानावर आला. ओट्यापाशी, तिच्याकडे पाठ करून, तो डब्यांच्या फळीला क्लोरीनचं प्रमाण समजावत होता. आवाज चांगला होता. खणखणीत. चाहूल लागली तसा तो गप्प झाला.

“झालंच होतं माझं,” तो पुटपुटला आणि लगबगीनं चहाचं आधण ठेवू लागला.

बरं झालं, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. एरवी ती म्हणालीही असती. तिनं खुर्ची ओढत नेली ती पार फ्रीजजवळच्या भिंतीपर्यंत, आणि पर्स मांडीवर घेऊन बसली.

“मी मागच्या रांगेत बसलेय,” ती म्हणाली. “इथवर ऐकू आलं पाहिजे.”

तो वळला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पर्सकडे, मग पुन्हा तिच्याकडे. घसा खाकरला. तोंड उघडलं आणि मिटलं.

ती वाट बघत राहिली. आधण खळखळून आटत चाललं होतं. दोघांपैकी कोणीच तिकडे पाहिलं नाही.