नीट विचार कर

"बाई, जरा हसा. वर्ग घ्यायला आलायत तुम्ही, दात काढून घ्यायला नाही," मागच्या भिंतीला टेकून चित्रकलेचे सर म्हणाले आणि त्यांनी हातातला मोबाइल आडवा धरला.

बाई हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. सकाळपासून त्यांच्या जिवाला थारा नव्हता. पुसलेला फळा त्यांनी पुन्हा पुसला. उच्च श्रेणीच्या प्रमाणपत्रासाठी चालू वर्गाचं चित्रीकरण पाठवायचं होतं, कुठेही न कापलेलं, आणि मुदत आज संपत होती. मागच्या खेपेला परीक्षकांनी एका ओळीत त्यांना नापास केलं होतं: 'आपल्या वर्गात कुणी चुकतच नाही, चुकणाऱ्या मुलाला आपण कसे सावरता, ते दिसले नाही.' आता बोला. पोरं चुकत नाहीत म्हणून बाई नापास. मागून नोकरीला लागलेल्या पोरी वरच्या श्रेणीत जाऊन बसल्या होत्या, आणि बाई आपल्या आहेत तिथेच खडू झिजवत होत्या. ही संधी शेवटची होती.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या खेपेला बाईंनी आठवडाभर वर्गाची तालीम घेतली. हात कुणी कधी वर करायचा, शंका कुणी काढायची, सगळं ठरलं. तालीम घेतली नाही ती फक्त खारूताईची. पेन्सिली कुरतडते म्हणून वर्गानं तिचं हे नाव पाडलं होतं. अपूर्णांक आले की तिचं घोडं अडायचंच. तिला वेगळं काय शिकवून ठेवायचं? हवी ती चूक पहिल्या बाकावर आयती बसली होती.

सरांनी मान हलवली. चित्रीकरण सुरू झालं.

"एक छेद तीन मोठा, की एक छेद चार?" बाईंनी विचारलं. ठरल्याप्रमाणे भराभर हात वर गेले. बाईंनी ते न बघितल्यासारखं केलं आणि पहिल्या बाकाकडे वळल्या. "तू सांग गं."

खारूताई उठली. एरवी बाक धरून उठायची, आज चटकन उठली.

"एक छेद तीन," ती हळूच म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. टेबलावर कागदाच्या पट्ट्या मांडून ठेवलेल्या, सावरायचे प्रश्न तोंडपाठ केलेले, आणि सावरायला चूकच नाही. मागे मोबाइल चालूच होता. काय बोलतोय ते कळायच्या आत त्या बोलून गेल्या.

"नीट विचार कर."

शाळेत गेलेल्या कुठल्याही पोराला या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. बाई 'नीट विचार कर' म्हणाल्या की उत्तर चुकलेलं असतं, ते बदलायचं असतं. खारूताईनं बाईंकडे बघितलं, मग फळ्याकडे. तिचे कान लाल झाले.

"मग... एक छेद चार," ती मोठ्यानं म्हणाली.

मागचे दोघे-तिघे फिसकन हसले. त्यानंतर मात्र वर्ग असा चालला की बघत राहावं. "असं का वाटलं तुला?" बाईंनी मायेनं विचारलं. "चार मोठा असतो म्हणून," खारूताई म्हणाली. बाईंनी सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, तिच्याच हातानं घड्या घालायला लावल्या, तुकडे शेजारी शेजारी ठेवले. "वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो. बघ, आलं की नाही तुला?" खारूताईनं मान डोलावली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. वर्गानं टाळ्या वाजवल्या, त्यासुद्धा ठरलेल्या.

मुलं मधल्या सुट्टीला बाहेर पळाली तसे सर पुढे आले. "फक्कड झालं, बाई. मलाच रडू यायचं बाकी होतं. आता नाही म्हणायची कुणाची टाप नाही."

बाईंनी मोबाइल घेतला आणि कानाला लावून ती जागा ऐकली. पुन्हा ऐकली. पंख्याची घरघर होती, पोरगी कॅमेऱ्याला पाठमोरी होती. तिचं पहिलं उत्तर कुठेच ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होतं ते 'नीट विचार कर', आणि मग खणखणीत 'एक छेद चार'. बाईंना हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटलं याची लगेच लाजही वाटली.

"पाठवू ना?" सरांनी विचारलं. "मुदत संपायची वाट बघू नका. आयत्या वेळी ते जाता जात नाही."

"हं," बाई म्हणाल्या आणि मोबाइल सरांच्या हातात द्यायला वळल्या. खारूताई अजून बाकापाशीच उभी होती. तिच्या मुठीत वहीच्या कागदाच्या पट्ट्या होत्या, वेड्यावाकड्या फाडलेल्या.

"मी काल घरी करून बघितलं होतं, बाई," ती म्हणाली. "म्हणून पहिल्यांदा तीन म्हणाले."

सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"बरोबर होतं गं तुझं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच नीट ऐकू आला नाही.

पोरीच्या चेहऱ्यावर रागही नव्हता आणि रुसवाही नव्हता. वहीत समास सोडायचा का, असं विचारावं, तसं तिनं विचारलं,

"मग बाई, यापुढे मला येत असलं तर सांगायचं का?"