खालून वाचलेली यादी

कंपनीच्या एक्केचाळीस थिएटरांचा नकाशा स्क्रीनवर आला. आमचं थिएटर पार कोपऱ्यात, खाणीच्या गावात. हेडऑफिसचे साहेब कॉलवर म्हणाले, "खुर्च्या किती भरतात, त्यावरून क्रम लावलाय. खालून वाचतो. शेवटची पाच बंद होणार." मी मॅनेजर; मी कॉलचा आवाज वाढवला. तिकीटखिडकीवरच्या मावशींनी माझा हात गच्च धरला. पाच नावं झाली, आमचं नव्हतं! "वाचलो गं बाई!" मावशी ओरडल्या. साहेब वाचतच होते. दहा झाली, वीस झाली, राजधानीतली बडी थिएटरंही झाली, तरी आमचं नाव येईना. "विसरले वाटतं आपल्याला," ऑपरेटरकाका पुटपुटले. मग साहेब थांबले, हसले. "पहिला नंबर तुमचा! एवढ्या आडबाजूला ही किमया कशी केलीत?" मावशी माइकपाशी वाकल्या. "साहेब, खाणीची शिफ्ट सुटली की आमचा खेळ लागतो. आता आटपतं घ्या, बाहेर रांग लागलीय!"