गिटारला भोक नको

दादाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. गुरुजींनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं.

"गिटारमध्ये जीव अडकलाय त्याचा," आई सौमित्रला म्हणाली. "आवाज वाढवणारा तो पिकअप बसवायला तू तिला भोक पाडणार होतास ना?"

सौमित्रने हात जोडले. "दादा, ड्रिल लावणार नाही. पिकअप आतून पुट्टीने चिकटवेन, काढला तर डागही राहणार नाही. तुझीच गाणी वाजवायचीत रे, लांबवर ऐकू जायला हवीत."

कावळा फांदीवरून खाली उतरला आणि थांबला.

"एकही स्क्रू नाही. वायर तिच्या मूळच्या भोकातूनच काढेन."

कावळा दोन पावलं सरकला, पुन्हा थांबला.

सौमित्रला हुंदका आला. "बरं, हातच लावणार नाही!"

कावळ्याने लगेच भात टिपला.

"बाई गं, अजून तस्साच आहे!" म्हणत आई दहा दिवसांत पहिल्यांदा रडली.