ओट्यापासून दारापर्यंत

"कपाट एवढं लांब नाही, आप्पा. अजून अलीकडे घ्या."

पुंजा वस्तादाने द्राक्षांचे रिकामे क्रेट ढकलून अलीकडे घेतले. अंगणात आता त्याच्या लेकीचं, अंजलीचं, नाशकातलं स्वयंपाकघर उभं राहिलं होतं. एकावर एक रचलेले क्रेट म्हणजे ओटा, कोपऱ्यातले आडवे म्हणजे मोरी, उभे म्हणजे फ्रीज आणि कपाट. मधे माणसाला धड वळता येईल एवढीच जागा उरली होती.

"एवढुसंच?"

"एवढंच."

"आन् तो कुठं उभा ऱ्हातो?"

"दारात." अंजलीने क्रेटांमधली मोकळी फट दाखवली. "बहुतेक वेळा दारातच."

परवा ती एकटीच आली होती. हातात पिशवी नाही, पायात घरातल्याच चपला, आणि डावा गाल सुजलेला. आज दुपारी जावई तिला न्यायला येणार होता. सकाळी चहा पिता पिता तिने बापाला एवढंच म्हटलं, "मला चुकवायला तरी शिकवा." वस्ताद लगेच उठला होता.

उभा जन्म लाठी शिकवण्यात गेलेला माणूस. दिंडोरी तालुक्यातल्या मिरवणुकांमध्ये त्याची पोरं लाठी फिरवायला लागली की बघ्यांची गर्दी आपोआप मागे सरायची. पण तो सगळा खेळ मोकळ्या मैदानातला. पुढचं पाऊल टाकायचं, मागचं गोल ओढून घ्यायचं आणि अख्खं अंग फिरवायचं. या खुराड्यात असा गोल घेतला तर आधी कंबरच ओट्यावर आपटणार, हे त्याला बघताक्षणी कळलं. आणि काय सांगावं, गड्याचे डोळे चमकले! पोरगी हे कशासाठी शिकतेय ते विसरून तो पायांच्या विचाराला लागला.

"गोल सोडून दे," तो म्हणाला. "पाय उचलायचाच नाय. घासत न्यायचा. वार उजव्या हातानं येतो ना?"

"हो."

"मंग त्याच्या उजव्या काखेखालून निघायचं. मागं नाय, पुढं. मागं गेली की ओटा, पुढं गेली की दार."

"फरशी ओली असते, आप्पा."

"मंग सगळं पाऊल टेकवायचं, नुसता चवडा नाय. चप्पल घालूच नको घरात."

"आणि साडी पायात येते."

"खोचूनच ठेवत जा."

हे तो अगदी सहज बोलून गेला. जेवलीस का, असं विचारावं तसं.

मग तो दाराच्या फटीत जाऊन उभा राहिला आणि त्याने हात उगारला. नुसता उगारला होता. अंजली मटकन खाली बसली. दोन्ही हातांनी डोकं झाकलेलं, डोळे घट्ट मिटलेले.

वस्तादाने हात खाली घेतला. शेवटी बापच तो. वाटलं, हे क्रेट लाथेनं उडवावेत आणि पोरीला पोटाशी धरावं. पण रोहितचं, तिच्या धाकट्या भावाचं, लग्न जमत आलं होतं. मुलीकडचे घर बघायला येणार होते. लेक नांदायची सोडून माहेरी बसलेली त्यांना दिसली तर गावभर बोभाटा व्हायचा. तो तालमीत ओरडायचा तसा ओरडला, "डोकं काय झाकते? पाय हलव, पाय!"

अंजली उठली. तिने पदर खोचला. पुन्हा हात आला, पुन्हा ती गोठली. परत आला, तेव्हा ओट्याला धडकली. "घासत! घासत ने!" बापाचा घसा बसायची वेळ आली. आणि मग एकदाचं ते जमलं. पाऊल जमिनीला चिकटून सरकलं, खांदा खाली गेला, आणि वस्तादाचा हात हवेत फिरेपर्यंत ती त्याच्या काखेखालून पार अंगणाच्या मध्यावर पोचली होती.

"शाब्बास गं!" त्याने मांडीवर थाप मारली. लहानपणी ही पोर लाठीसाठी हट्ट धरायची, तेव्हा त्याने तिला हाकलून लावलं होतं. पोरीच्या जातीला काय करायचीय लाठी! आणि आता तालमीतल्या कुठल्याही पोराच्या तोंडात मारील असं पाऊल तिने टाकलं होतं. त्याची छाती फुगली. अंजलीही हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

"आता बिनघोर जा," वस्ताद म्हणाला. "बोट लावून दाखव म्हणावं आता."

पदराने तोंड पुसता पुसता अंजली थांबली.

"दारातून निघाले, की मग कुठं जायचं?"

"कुठं म्हंजे? नीट इकडं यायचं. बापाचं घर हाय तुझं."

"आलेच तर आहे ना मी, आप्पा."

वस्ताद सरकलेला क्रेट पुन्हा जागेवर लावायला वाकला. कोपऱ्यावर मोटारसायकल वळल्याचा आवाज आला. लेकीची ओटी भरायची तयारी करत बसलेली मैनाबाई, वस्तादाची बायको, चहाचं पातेलं हातात घेऊन घरातून उंबऱ्यापर्यंत आली. लेकीचं बोलणं तिने ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"आले ते," ती म्हणाली. "चहा टाकू का?"

आणि ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो नको म्हणाला असता, तर तिने हातातलं पातेलं तिथल्या तिथे पालथं घातलं असतं आणि जावयाच्या तोंडावर दार लावलं असतं. अंजलीही त्याच्याकडेच बघत होती.

गाडी दारात येऊन बंद झाली.

"टाक," पुंजा वस्ताद म्हणाला. "साखर जरा जास्त टाक. त्यांना गोड लागतो."