जिना उतरताना

"कुणाचा इश्वास बसणार न्हाई मॅडम, पण मागल्या महिन्यात हिनं म्हैस पळवत आणली," मारुतराव म्हणाले. "दिघीला मिलिटरीच्या तारेपल्याड गेली हुती. मी म्हणलं, जाऊ दे, येईल आपली आपण. ही कुठली ऐकतीय! पदर खोचला आन् सुटली. गेटवरच्या जवानानं सलाम ठोकला. त्याला वाटलं, सायेबच आलं पळत."

दवाखान्यात कागद भरून घेणारी वर्षाली हसली. बाकावर नंबराची वाट बघणारे दोघे गुडघेवालेही हसले. गोजाबाई हसल्या नाहीत. मांडीवर पिशवी घेऊन त्या भिंतीवरचं गुडघ्याचं चित्र बघत होत्या. नवऱ्यानं म्हैस विकून सहा वर्षं झाली होती, पण ते त्या बोलल्या नाहीत.

चिंचवडच्या त्या दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी गोजाबाईंचे दोन्ही गुडघे बदलले होते. डाव्यात एका घडणीचा सांधा, उजव्यात दुसऱ्या. दोन्हींत सरस कुठला, याचा डॉक्टर अभ्यास करत होते. कुठल्या पायात कुठला, हे पेशंटला सांगायचं नाही, असा नियम. पेशंटनं फक्त दर सहा महिन्यांनी बारा प्रश्नांची उत्तरं द्यायची, दोन्ही पायांची वेगवेगळी. वर्षाली फोनवरून विचारायची आणि कागद भरायची. घरात फोन एकच, तो मारुतरावांच्या खिशात. त्यामुळं गुडघे गोजाबाईंचे आणि उत्तरं मारुतरावांची. डावा फस्क्लास. उजवा त्याच्याहून फस्क्लास. तिन्ही वेळा पैकीच्या पैकी मार्क. मारुतरावांना शाळेत आख्ख्या चार वर्षांत मिळाले नसतील तेवढे.

"आज शेवटचा कागद, म्हणून इथं बोलावलं, आजी," वर्षाली म्हणाली. "आणि आजोबा, आता गंमत बास हं. पुढच्या पेशंटना कुठला सांधा बसवायचा, ते सर यावर ठरवणार आहेत. बऱ्याच जणांची एकाच पायाबद्दल तक्रार येतेय. तुमच्याच घरचा कागद तेवढा वेगळा पडतो."

"वेगळाच पडणार. बाईच वेगळी हाय आमची."

वर्षालीनं पेन उघडलं. चालणं झालं. बसणं-उठणं झालं. प्रश्न ती गोजाबाईंकडं बघून विचारायची, उत्तर शेजारच्या खुर्चीतून यायचं.

"जिना उतरताना? उजवा पाय?"

मारुतरावांचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यात काही सापडेना.

त्यांच्या घराला बाहेरून लोखंडी जिना होता. खालच्या खोल्यांत चाकणच्या कंपन्यांत जाणारी भाडेकरू पोरं. जिन्याच्या वरच्या टोकाला मारुतरावांची खुर्ची. पहिली शिफ्ट सुटून पोरं आली की पायऱ्यांवर बसायची आणि वरून मारुतरावांच्या गोष्टी सुरू व्हायच्या. गोजाबाईंचे गुडघे गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "चिरफाड नको. खालची एक खोली मोकळी करा, आपण तिथं राहू." पण खाली गेलं की ती खुर्ची गेली. मारुतराव म्हणाले, "खाली कशाला? गुडघंच नवं आणतो तुला." गावभर सांगितलं, बायकोला लोखंडाचं पाय बसवले. लोकांनी त्यांचं कौतुक केलं. बायकोसाठी एवढं कोण करतंय राव!

आज सकाळी दवाखान्यात यायला गोजाबाई तोच जिना उतरल्या. उलट्या. विहिरीत उतरतात तशा, दोन्ही हातांनी कठडा धरून. आधी उजवा पाय, मग डावा, मग थांबायचं. प्रत्येक पायरीला कपाळावरची शीर ताठ व्हायची. सतरा पायऱ्या. खाली पोचल्यावर त्यांनी पदरानं घाम टिपला आणि रिक्षावाल्याला हाक मारली.

"आजोबा? जिना?"

"उतरती की. दणादणा," मारुतरावांची जीभ सवयीनं बोलून गेली.

वर्षालीनं मान डोलावली. पेन कागदाला टेकलं.

"थांबा." मारुतरावांनी टोपी काढून हातात घेतली. कानशिलं तापली होती. बाकावरचे दोघे पुढची गोष्ट येणार म्हणून सरसावून बसले होते, त्यांच्याकडं बघवेना. "खोडा ते, मॅडम. म्हशीचं खोटं. मागलं तीन कागदबी खोटं. ही उलटी उतरती. उजवा पाय हिला साथच देत न्हाई."

वर्षाली पेन तसंच धरून राहिली.

"मग आधी का नाही सांगितलंत?" ती हळूच म्हणाली. "दोन वर्षं! काही करता आलं असतं, आजोबा."

मारुतरावांची मान खाली गेली. टोपीची घडी उलगडली, पुन्हा घातली. समोरच्या पोरीचे डोळे भरून आले होते. नातीच्या वयाची असेल. तिच्या नजरेतून एवढं उतरणं त्यांना सोसेना.

"मला ठावंच नव्हतं, मॅडम," ते म्हणाले. "देवाशपथ. म्हाताऱ्याचं लक्ष कुठं असतंय? आज सकाळी पयल्यांदा दिसलं मला. बघितलं आन् काळजात कळ आली."

वर्षालीचा चेहरा निवळला. बाकावरचा एक जण चुकचुकला. मारुतरावांना जरा श्वास घेता आला.

गोजाबाईंनी चित्रावरची नजर काढली. सबंध सकाळीत पहिल्यांदा त्या नवऱ्याकडं वळल्या.

"खोटं," त्या म्हणाल्या. "उलटी उतरते म्हंजी तोंड तुमच्याकडंच असतंय की माझं. दोन वर्सं रोज बघताय तुमी, खुर्चीत बसून. आन् बघून मान फिरवताय, ते मी बघतीय."