एका कुळातले शब्द

"नाना, हॉस्पिस म्हणजे नेमकं काय हो?" मुलीने विचारलं.

चहात फिरणारा नानांचा चमचा थांबला. इंग्रजी-मराठी कोशाच्या कामात त्यांचा जन्म गेला होता. कोणी शब्दाचं मूळ विचारलं की त्यांची कळी खुलायची. आज खुलली नाही. जावई गॅलरीत उभा राहून फोनवर हलक्या आवाजात हाच शब्द बोलताना त्यांनी कालच ऐकला होता. खिडकीजवळची खाट मिळेल का, असंही तो विचारत होता.

तरी त्यांनी सांगितलं. लॅटिनमध्ये होस्पेस असा शब्द होता. त्याचा अर्थ पाहुणा, आणि यजमानही. त्याच्यापासून होस्ट आला, हॉस्टेल आलं. फ्रेंचांनी मधला स गिळला, त्याचं हॉटेल झालं. हॉस्पिटल हेसुद्धा आधी वाटसरूंचं, निराधारांचं घर. आणि हॉस्पिस म्हणजे दमलेल्या प्रवाशाने पाठ टेकायची जागा.

"आणि आता?"

"आता औषधांनी हात टेकले की माणसाला तिथे नेतात. मराठीत याला धड शब्द नाही. आम्ही कंसात दोन ओळी लिहून वेळ मारून नेली."

ती हसल्यासारखं करून आत गेली. तिचा चहा तसाच राहिला.

नाना उठले, खिडकी उघडली, पुन्हा लावली. न्हाणीघरात पडल्यापासून ते लेकीकडे राहत होते. मध्यंतरी छातीच्या तपासण्या झाल्या. सगळं ठीक आहे, असं जावई म्हणाला होता, पण मान वर न करता. तेव्हापासून घरात बोलणं कमी आणि कुजबुज फार. मुलगी पानात चिवडत बसायची. रोडावली होती. मनाची टोचणी माणसाला पोखरते, नानांनी ताडलं. बापाला बाहेर ठेवायचं म्हणजे सोपं आहे का?

संध्याकाळी जावई त्यांच्या खोलीत आला. उद्या एका ठिकाणी जायचंय, तुम्हीही सोबत असावं असं तिचं म्हणणं आहे, एवढंच तो बोलला. नानांनी कुठे म्हणून विचारलं नाही. तो गेल्यावर त्यांनी आपली बॅग भरायला घेतली. कपडे, चष्मा, बायकोचा फोटो. भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. होस्पेसचा जवळचा नातलग होस्टिस. त्याचा अर्थ परका, पुढे वैरी. हॉस्टाइल त्यातलाच. पाहुणा आणि वैरी एका कुळातले कसे, हे त्यांना आज नव्याने कळल्यासारखं वाटलं.

सकाळी दाराशी ती बॅग पाहून जावयाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मुकाट्याने उचलून डिकीत ठेवली. तिथे आणखी एक बॅग होती. आपलं अंथरूण-पांघरूण असेल, नानांना वाटलं.

त्यांना पुढे बसवलं. मुलगी मागे आडवी झाली. उकडत असूनही तिने स्वेटर घातला होता. वाटेत दोनदा तिने गाडी थांबवायला लावली आणि झाडाआड जाऊन आली. रडून येत असणार. पाय निघत नाही बिचारीचा.

पण राग होताच. तो जिभेवर आला.

"होस्टेज म्हणजे ओलीस. काही पंडित तोही याच कुळात धरतात," ते जावयाला म्हणाले. "न विचारता उचलून नेलेला पाहुणा."

जावयाचे हात स्टिअरिंगवर आवळले.

"नाना, आज नको ना," मागून मुलगी म्हणाली.

तो आवाज ऐकून नाना वरमले. लहानपणी ताप आला की ती अशीच बोलायची. तेव्हा रात्ररात्र आपण उशाशी बसलो, म्हणून तिनेही बसावं असा हिशेब थोडाच असतो? तिचा संसार आहे, नोकरी आहे. परतताना आपली खिडकी दिसेनाशी होईपर्यंत ती गाडीतून हात हलवत राहील, तेव्हा आपणही हसून हात हलवायचा, त्यांनी ठरवलं.

गाडी एका बैठ्या इमारतीसमोर थांबली. आत स्वच्छ, शांत होतं. कुठेतरी कोणी हळू आवाजात रेडिओ लावला होता. मुलगी पहिल्याच खुर्चीत टेकली. जावई दोन्ही बॅगा घेऊन मागे उभा राहिला.

आतून एक नर्स आली. लेकीवर बोलायची वेळ येऊ द्यायची नाही म्हणून नाना काठी सावरत पुढे झाले. रुग्णाच्या नावाचा पट्टा बांधून घ्यायला त्यांनी मनगट पुढे केलं.

"या दोघांना काही विचारू नका," ते म्हणाले. "मला सगळं ठाऊक आहे. मी आपण होऊन आलोय."

नर्सने त्यांच्याकडे पाहिलं, मग जावयाकडे. नानांचा हात तिने हलकेच खाली केला, त्यांना वळसा घालून ती मुलीच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि स्वेटरची बाही वर सारत हळूच म्हणाली, "वडिलांना अजून सांगितलं नाहीत?"