नवरीचा एकटीचा फोटो

लग्नात स्टेजवरचे फोटो तुंगारसर काढतात. मी दुसरी फोटोग्राफर. माझ्याकडे नवरीची खोली आणि म्हातारी माणसं. स्वतः कुठल्याच फोटोत दिसायचं नाही, हा पहिला नियम.

यंदा तीन लग्नांत मी तीन आज्यांचे एकेकटीचे फोटो काढले. पंधरा दिवसांत तिन्ही घरांतून फोन आला, "तोच फोटो मोठा करून द्या, हार घालायचाय." वयच झालं होतं त्यांचं, सर म्हणाले. चौथा फोटो करवलीचा. बावीस वर्षांची होती. तिच्याही घरून फोन आला. तेव्हापासून मी कुणाचाच एकट्याचा फोटो काढत नाही.

आज मुंडावळ्या बांधून नवरी आरशासमोर बसली. "ताई, माझा एकटीचा एक काढा ना." खोलीत तिसरं कुणी नव्हतं. नाही कसं म्हणणार? मी जरा डावीकडे सरकले, आरशात तिच्या खांद्यामागे मीही दिसेन अशी, आणि बटण दाबलं.

संध्याकाळी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता सर म्हणाले, "आरशात तू आली होतीस. कापून टाकलं तुला. नवरीला पाठवलासुद्धा फोटो. एकटी काय सुंदर दिसतेय बघ."